सासूबाईंचा अबोला आणि मेणाचं पॉलिश

सासूबाईंनी टेबलावरचं भरतकामाचं कापड उचललं आणि ते तसंच छातीशी धरून त्या थिजल्यासारख्या उभ्या राहिल्या. अक्रोडाच्या त्या काळसर, तुकतुकीत फळीवर, बरोबर मधोमध, कॉफीच्या भांड्याच्या बुडाएवढा पांढराफटक गोल डाग पडला होता...

ईस्टरच्या आधीचा रविवार होता. सगळे नुकतेच चर्चमधून परतले होते. थोरला मुलगा अल्बिन आणि त्याची बायको नुशा ल्युब्लियाना शहराहून जेवायला आली होती, मुलगी स्लावका शेवया घातलेल्या सुपाचं भांडं घेऊन दारात पोचली होती, आणि जावई विंको खिडकीशी उभा राहून बाहेरच्या मधमाश्यांच्या पेट्यांकडे असा टक लावून पाहत होता, की जणू त्याचं कुणी जिवाभावाचं माणूस तिथे राहायला गेलं आहे.

"हे कुणी केलं?" सासूबाईंनी विचारलं. आवाज अगदी हळू होता. सासूबाईंचा आवाज चढला की पोदब्रेग गावात कुणी घाबरत नसे; तो उतरला की मात्र शेजारचा कुत्रासुद्धा घरात जाई.

कारण ते नुसतं टेबल नव्हतं. अंगणातला म्हातारा अक्रोड वादळात आडवा झाला तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे दिवंगत येर्नेयने, त्याच्या खोडातून ते स्वतःच्या हातांनी घडवलं होतं. अल्बिन आणि स्लावका दोघांना बाप्तिस्म्यासाठी त्याच टेबलावर सजवलं होतं, आणि शेवटी येर्नेयलाही त्याच टेबलावर ठेवून गावाने त्याचा निरोप घेतला होता. दर वसंतात सासूबाई स्वतःच्या पोळ्यांतलं मेण वितळवत, त्यात टर्पेंटाइन मिसळून पॉलिश तयार करत आणि येर्नेयच्या जुन्या लोकरी मोज्याने ते टेबल असं काही घासत, की नवऱ्याची पाठ कधी एवढ्या मायेने चोळली नाही, असं गावातल्या बायका म्हणत. त्या पॉलिशला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. जावयाचा तर नाहीच.

आणि तो डाग कुणी पाडला, हे त्या खोलीत एकट्या विंकोला ठाऊक होतं.

सकाळी सासूबाई कॉफीचं तापलेलं भांडं घेऊन स्वयंपाकघरातून आल्या होत्या. कापड झटकण्यासाठी बाजूला काढलेलं होतं. हिवाळ्यानंतरचं पहिलं खरं ऊन पेट्यांवर पडलं होतं, माश्या बाहेर निघाल्या होत्या. सासूबाईंनी भांडं उघड्या फळीवर ठेवलं, खिडकीशी गेल्या, माश्यांशी दोन शब्द बोलल्या, आणि भांड्याची आठवणही न ठेवता शाल ओढून थेट अंगणात निघून गेल्या. विंको मागून आला तेव्हा जे व्हायचं ते झालं होतं. त्याने भांडं उचललं, डाग पाहिला, घाईघाईने त्यावर कापड पसरलं आणि देवाला म्हणाला की आता तूच बघ. देवाने जेवणाच्या वेळेपर्यंत बघितलं.

खरं सांगून टाकणं किती सोपं होतं! पण त्याच हिवाळ्यात सासूबाईंनी चुलीवर दुधाचं पातेलं ठेवून त्याचं बूड जाळलं होतं, आणि एकदा माश्यांच्या पेटीजवळ घालायची जाळीची टोपी पावाच्या भट्टीत भाजली होती. तेव्हा नुशा याच टेबलाशी बसून म्हणाली होती, की आणखी एकदा असं काही झालं तर आईंना शहरात नेऊ, तिथल्या वृद्धाश्रमात जागा मिळते आहे, कुणी रागावू नका. नुशा काही वाईट बाई नव्हती. ती रडवेली होऊन बोलत होती. पण विंकोने त्या वेळी टेबलाखाली वाकून पडलेला चमचा उचलताना सासूबाईंचे हात पाहिले होते. ॲप्रनचं टोक ते दोन्ही हात पीळ घालून आवळत होते. वर चेहरा मात्र नेहमीसारखाच, दगडी.

"मी," विंको म्हणाला. "मी ठेवलं भांडं. लक्षात नाही राहिलं."

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग टेबलाकडे. मग पुन्हा त्याच्याकडे.

"हे टेबल अल्बिनकडे जाईल," त्या म्हणाल्या. "या घरात आता त्याची किंमत असलेलं कुणी उरलं नाही."

आणि त्या क्षणापासून सासूबाईंनी जावयाशी बोलणं टाकलं.

विंको बसचालक होता. लोका नावाच्या गावाहून वर डोंगराकडे जाणारी बस तो रोज चालवी, आणि लोकांची बोलणी खाणं हा त्याच्या नोकरीचाच भाग होता. शिवाय तो घरजावई. गावात त्याला अजूनही, सासूबाईंच्या नावाने, 'रोझालियाबाईंचा तो दुसऱ्या खोऱ्यातला' असंच म्हणत. तेव्हा अपमान गिळण्याची त्याला सवय होती. पण हा अपमान वेगळा होता... हा त्याने स्वतः मागून घेतलेला होता! घाट चढताना, वळणावर गिअर बदलताना, त्याच्या अंतःकरणात एक करुणगंभीर वाणी उमटे: जगाने निंदावं, आप्तांनी झिडकारावं, आणि तरीही ज्याने एका वृद्ध मातेची लाज मौनाच्या पदराखाली झाकली, असा तो विंको... मग मागून कुणीतरी ओरडे, की अहो, माझा थांबा मागे राहिला, आणि वाणी बंद पडे.

घरी सासूबाईंना त्याला काही सांगायचं असलं की त्या मांजरीला सांगत. "पिका, त्या माणसाला म्हणावं, चिखलाचे बूट बाहेर." पिका अर्ध्यातच उठून गेली की उरलेलं वाक्य त्या सुपाच्या भांड्याला ऐकवत. विंकोही मग मांजरीलाच उत्तर देऊ लागला, आणि दोघांच्या तावडीत सापडलेली ती बिचारी पिका दिवसच्या दिवस शेजारीच राहू लागली.

स्लावकाचं वेगळंच. तिचं नवऱ्यावर प्रेम होतं आणि ते ती बोलून दाखवी, म्हणजे सकाळ-संध्याकाळ बोलत राही. आईच्या एवढ्याशा एका वस्तूची जपणूक तुला जमली नाही, बाबांचं टेबल तुझ्यापायी घराबाहेर चाललं, आता अल्बिनच्या घरी ते टीव्हीखाली जाणार, असं ती रस्सा ढवळताना म्हणे आणि कढईला जोरजोराने चमचा मारी. कितीदा तरी विंकोच्या ओठांवर खरं आलं. पण स्लावकाच्या पोटात काही राहत नसे. मंगळवारी तिला कळलेलं बुधवारी अल्बिनला फोनवर कळे. तो गप्प बसला, आणि त्याने मनाशी ठरवलं, की डाग घालवायचा. डाग गेला की टेबल राहील, टेबल राहिलं की सासूबाई बोलतील.

त्याने बसमध्ये सहज एका बाईला विचारलं, आणि तिथेच चुकलं. वरच्या वाडीतली बाई म्हणाली, अक्रोडाचा गर चोळा, लाकूड आपलंच तेल ओळखतं. जंगलखात्याचा माणूस म्हणाला, चुलीतली राख आणि थुंकी. समुद्राकडून लग्न होऊन आलेली एक शिक्षिका म्हणाली, तुम्हा डोंगरातल्या लोकांना काही कळत नाही, ऑलिव्हचं तेल आणि लिंबाचा रस, बस्स. यावरून तिघांत अशी जुंपली की दोन थांब्यांवरची माणसं उतरायची विसरली आणि विंकोला बस मागे घ्यावी लागली. त्यानंतर रोज कुणीतरी नवा उपाय घेऊन चढे आणि कालच्याचं काय झालं ते विचारी. साऱ्या खोऱ्याला विंकोच्या टेबलाची काळजी लागली होती. सासूबाई घराबाहेर फारशा पडत नसत, हेच काय ते नशीब.

अक्रोडाच्या गराने डाग थोडा पिवळा पडला. राखेने तो पुन्हा पांढरा झाला आणि शेजारी एक करडा डाग आला. मग विंकोने तेल आणि लिंबू घेतलं. दोन चमचे पुरले असते, पण विंकोचं अंतःकरण ओसंडत होतं, त्यामुळे त्याने वाटीभर ओतलं. दोन दिवस ते टेबल ओलं राहिलं, मग चिकट झालं, आणि घरभर काकडीच्या कोशिंबिरीसारखा वास सुटला. कुठून तरी परत आलेली पिका टेबलावर चढून मनसोक्त चाटू लागली.

नेमके त्या दिवशी पाद्रीबाबा आले. चर्चच्या मेणबत्त्यांसाठी मेण मागायला ते दरवर्षी येत. त्यांनी हातातले कागद टेबलावर ठेवले, कोपर टेकलं आणि माश्यांची चौकशी केली. उठायला लागले तर बाही उठेना. विंकोने आणि स्लावकाने मिळून त्यांना सोडवलं. मग कागद उचलला, तर त्यावरची शाई तेलाने ओढून घेतलेली, आणि पुढल्या महिन्यात लग्न करणाऱ्या जोडप्याची, चर्चमध्ये हरकती मागवण्यासाठी वाचायची नावं सासऱ्यांच्या टेबलावर उलट्या अक्षरांत उमटलेली.

पाद्रीबाबा शांतपणे म्हणाले, की निदान या लग्नाला आता कुणाची हरकत असेल तर ती इथेच नोंदवता येईल.

सासूबाई बाकावर बसल्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं. त्या मांजरीलाही काही म्हणाल्या नाहीत. नुसत्या उठल्या, आणि दरवाजा अगदी हळू लावून घेतला. विंकोला वाटलं, याहून त्यांनी आपल्या तोंडावर तो दाणकन आपटला असता तर किती बरं झालं असतं...

लिंडनच्या झाडांना फुलं आली, पेट्या मधाने जड झाल्या, आणि अल्बिनचा फोन आला, की त्याला मित्राकडून गाडीमागे जोडायचा ट्रेलर मिळतो आहे, या रविवारी टेबल नेतो.

विंकोने रजा काढली. आता एकच उपाय उरला होता: सासूबाईंचं स्वतःचं पॉलिश. ते कसं करतात हे त्याने कधी जवळून पाहिलं नव्हतं, सासूबाई त्या वेळी दार लावून घेत. पण मेण आणि टर्पेंटाइन एवढं तर नाकालाही कळत होतं. स्लावका बाजाराला गेल्यावर त्याने पेट्यांच्या खोपटातून मेणाची ढेप आणली, तिचे तुकडे केले, पातेल्यात टाकून सरळ चुलीवर ठेवले आणि खाली दोन जाडजूड लाकडं सारली. मेण तडतडलं, धुरकट झालं. त्याला वाटलं, पातळ करायला आता टर्पेंटाइन हवं. त्याने बाटलीचं बूच दातांनी काढलं, बाटली पातेल्यावर धरली...

"बाटली खाली ठेव!"

विंकोने मागे पाहिलं. दारात सासूबाई उभ्या होत्या, पांढऱ्याफटक पडलेल्या, एका हातात विणकामाच्या सुया.

"मेण आचेवर आणि टर्पेंटाइन हातात! घर पेटवायचंय तुला? पातेलं पाण्यात ठेवायचं असतं, पाण्यात! मोठ्या भांड्यातल्या गरम पाण्यात. मेण वितळलं की चुलीपासून लांब न्यायचं, बाहेर पायरीवर, आणि मग थोडं थोडं टर्पेंटाइन घालून ढवळायचं. माझ्या आईला ठाऊक होतं, तिच्या आईला ठाऊक होतं, आमच्या शेरडीलासुद्धा ठाऊक होतं. कळलं का, गाढवा?"

विंकोने बाटली खाली ठेवली. त्याचे डोळे भरून आले.

"आई, तुम्ही माझ्याशी बोललात."

"मी गाढवाशी बोलले," सासूबाई म्हणाल्या, आणि फडक्याने पातेलं धरून त्यांनी ते बाजूला ओढलं. मग त्या स्टुलावर बसल्या.

"ते भांडं मी ठेवलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

विंकोने बाटलीला बूच लावलं.

"त्याच आठवड्यात आठवलं. अशीच कॉफी उकळत होती, आणि उकळता उकळता सगळं डोळ्यांपुढे आलं. ऊन, माश्या, भांडं. आणि मग हेही कळलं, की तुला पहिल्यापासून ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीत, आई?"

"वाट पाहत होते. म्हटलं, हा कधीतरी चिडेल, मूठ आपटेल, म्हणेल, म्हातारे, तूच केलंस आणि मलाच छळतेस. मग मीही दोन शिव्या दिल्या असत्या आणि मिटलं असतं. पण तू लिंबं पिळत बसलास." त्यांनी हातातलं फडकं मांडीवर आपटलं. "कीव केलीस माझी. सत्तरी ओलांडेपर्यंत कुणाची छाती झाली नव्हती. आणि केली कुणी, तर तू!"

हाच तो क्षण होता! घाटातल्या प्रत्येक वळणावर विंकोने याच क्षणासाठी किती भव्य वाक्यं रचली होती... वृद्ध माता, मौनाचा पदर, निंदेचं हलाहल. आता त्यातलं एकही आठवेना.

"कीव नाही, आई," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही गेलात तर मला ओरडणार कोण?"

"स्लावका आहे की."

"ती ओरडते, पण तिला मी आवडतो. त्यात दम नाही."

सासूबाईंच्या तोंडाचा एक कोपरा हलला. त्या हसल्या असं कुणी शपथेवर सांगू शकलं नसतं. त्यांनी ॲप्रनच्या टोकाने डोळे पुसले, मग त्याच टोकाने विंकोच्या हनुवटीवरचं मेण खरवडून काढलं, आणि मग दोघांनी मिळून पातेलं गरम पाण्यात ठेवलं, मेण वितळल्यावर बाहेर पायरीवर नेलं, आणि सासूबाईंनी ओतलं व विंकोने ढवळलं. मधाचा आणि पाइनच्या जंगलाचा मिळून असा एक वास अंगणभर पसरला. रविवारी मी सगळ्यांना खरं सांगणार, असं सासूबाई म्हणाल्या. विंकोने परोपरीने विनवलं, की नका, नुशा तुम्हाला घेऊन जाईल, एक टेबल गेलं तर जाऊ द्या. सासूबाई म्हणाल्या, ते माझं मी बघते, तू ढवळ, गुठळ्या होताहेत.

रविवारी अल्बिन ट्रेलर आणि चार जुनी पांघरुणं घेऊन आला. जेवणाआधीच काम उरकू, असं ठरलं. टेबल आडवं केलं, अल्बिनने माजघरातून ओढलं, विंकोने खोलीतून ढकललं, आणि दोन पाय दाराबाहेर आणि दोन आत अशा अवस्थेत ते दारात गच्च बसलं. वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं. अल्बिन वडिलांच्या नावाने काहीतरी पुटपुटला आणि त्याने लगेच क्रूसाची खूण केली. टेबल ना पुढे जाईना, ना मागे. आत अडकले विंको आणि बाकावर विणत बसलेल्या सासूबाई. बाहेर अल्बिन, पांघरुणं धरलेली नुशा, आणि सूप निवत चाललंय म्हणून स्वयंपाकघरातून ओरडणारी स्लावका.

सासूबाईंनी विणकाम बाजूला ठेवलं.

"आता सगळे जागच्या जागी आहात, तोवर ऐका," त्या टेबलाच्या पायांमधून म्हणाल्या. "तो डाग मी पाडला. भांडं मी ठेवलं आणि विसरले. विंकोने बघितलं, आणि मला वृद्धाश्रमात धाडू नये म्हणून आपल्या अंगावर घेतलं. मला आठवलं तेव्हाही मी गप्प बसले, कारण मी घाबरले होते. झालं."

मग नुशाच्या हातातली पांघरुणं खाली पडली.

"आई," ती म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. "मला तुम्हाला घरातून काढायचं नाहीये हो. मला भीती वाटते. माझ्या आईने गॅस तसाच सोडला होता, शेजारणीला वास आला म्हणून ती वाचली. मी तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला होते, मला काही कळलंसुद्धा नाही..."

हे सासूबाईंना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"इकडे ये," त्या म्हणाल्या.

"कशी येऊ? टेबल आहे."

"वाकून ये."

आणि शहरातल्या कचेरीत काम करणारी नुशा, रविवारचा रेशमी पोशाख सावरत, गुडघ्यांवर रांगत टेबलाच्या पायांमधून आत आली आणि सासूच्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके देऊ लागली. विंकोला ते पाहवेना. त्याच्यातला तो त्यागी पुरुष पुन्हा उफाळून आला.

"धोक्याच्या माणसालाच न्यायचं असेल तर आधी मला न्या," तो म्हणाला. "आई भांडं विसरल्या. मी परवा जळत्या चुलीवर टर्पेंटाइन ओतत होतो. आईंनी थांबवलं म्हणून आज घर उभं आहे."

"काय ओतत होतास?" स्लावका हातात सुपाचा डाव घेऊन टेबलापलीकडे प्रकट झाली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि हळूहळू तिला सगळंच उमगलं. तिचा चेहरा रडवेला झाला. "म्हणजे ईस्टरपासून मी तुला उगाच बोलत होते? आणि तू ऐकून घेत होतास?"

"उगाच असं नाही..." विंको म्हणाला.

"गप्प बस. माझ्यापासून लपवलंस." डाव खाली ठेवून तिने टेबलाच्या पायांमधून हात आत घातला आणि विंकोचा हात घट्ट धरला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "बाकी वेळी जे बोलले ते मात्र बरोबर होतं," ती म्हणाली.

मग दारातच बोलणी झाली. नुशा म्हणाली, आई इथेच राहतील, पण घरात दुसरं कुणी असल्याशिवाय त्यांनी चूल पेटवायची नाही. सासूबाईंनी बरीच कुरकुर करून ते मानलं. अल्बिन म्हणाला, मग सकाळची कॉफी विंको करेल. सासूबाई म्हणाल्या, त्यापेक्षा वृद्धाश्रम बरा. शेवटी कॉफी स्लावका करेल असं ठरलं, आणि टेबल अर्थातच कुठे जाणार नाही असंही.

"पण ते निघणार कसं?" अल्बिनने घाम पुसत विचारलं.

"निघायचंच नव्हतं ते," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या बाबांनी आधी टेबल केलं, मग दाराची चौकट बसवली. आत ढकला, हवं तर पायांना साबण लावा."

"तुला माहीत होतं? मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे?"

साबण लावून टेबल आत गेलं. सूप पुन्हा गरम करावं लागलं. दोन पायांवर लांबच लांब ओरखडे आले होते, आणि त्या दिवशी त्या टेबलावर कापड न घालताच सगळे जेवले.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी विंको खाली बसून ते पाय घासत होता. आपल्या पॉलिशला सासूबाईंनी दुसऱ्याचा हात पहिल्यांदाच लागू दिला होता. त्या खुर्चीवर बसून देखरेख करत होत्या. मोजा एवढा भिजवू नकोस. रेषांच्या दिशेने घास, आडवा नको. तुझा सासराही असाच धसमुसळा होता. वरचा डाग आता जवळजवळ गेला होता. उन्हात एका बाजूने पाहिलं तरच काय तो दिसे. विंकोची पाठ भरून आली होती आणि तो अतिशय सुखात होता.

"मेण गाळून घेतलंस ना?" सासूबाईंनी विचारलं.

"हो, आई. पातळ कापडातून."

खिडकीतून माश्यांची गुणगुण येत होती. सासूबाईंनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. विंको टेबलाचा दुसरा पाय घ्यायला सरकला.

"मेण गाळून घेतलंस ना?"

"हो, आई. पातळ कापडातून."

सासूबाईंची बोटं ॲप्रनच्या टोकाशी गेली.

"हे मी आत्ताच विचारलं का रे?"

"नाही, आई," विंको घासता घासता म्हणाला. "आत्ता पहिल्यांदाच."

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांची बोटं सैल झाली.

"खोटारडा," त्या म्हणाल्या, आणि वाकून पॉलिशचा डबा त्यांनी त्याच्या हाताशी सरकवला. "खालच्या कडेला राहिलंय. नीट कर."